रांगोळी दाराबाहेर असते

नवरात्र संपलं की दिवाळीच्या घरसजावटीचा उपदेश सुरू होतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, मासिकांची रंगीत पानं, मोबाइलवरच्या चित्रफिती, फर्निचरच्या जाहिराती, सगळीकडून एकच सांगणं असतं. यंदाची थीम ठरवा. पडदे, उशांचे अभ्रे आणि टेबलावरची पट्टी एकाच रंगछटेत बसवा. मधोमध पितळी उरळी आणि तीत तरंगत्या मेणबत्त्या ठेवा. एक भिंत फोटोसाठी राखा. चिवडा छोट्या काचेच्या पेल्यांतून द्या, करंज्या तीनमजली स्टँडवर मांडा, पाहुण्यांची यादी आठवडाभर आधी पक्की करा, आणि निघताना प्रत्येकाच्या हाती वेष्टनात बांधलेली भेट द्या. सुट्या सुट्या घेतल्या तर या सूचनांत वाईट काही नाही. वाईट आहे ते त्यांच्या मुळाशी असलेलं गृहीतक. पाहुणा बोलावण्याआधी घर पाहुण्याच्या लायक झालं पाहिजे, आधी सजावट आणि मग आमंत्रण, घर नीट दिसत नसेल तर सध्या कुणाला बोलावू नये, असं ते गृहीतक आहे. ते इतक्या वेळा आणि इतक्या गोड शब्दांत सांगितलं गेलं आहे की आता ते कुणी तपासून पाहत नाही. ते चूक आहे, आणि त्याने सणाचं मोठं नुकसान होत आहे.

या मताच्या बाजूने जे बोललं जातं ते आधी पुरतं मांडतो. सजवलेलं घर हा पाहुण्याचा मान आहे, असं सांगितलं जातं. आपण पाहुण्याला देव म्हणतो, मग देवासाठी मखर करतो तसं पाहुण्यासाठी घर का सजवू नये? वर्षभर धावपळ करणाऱ्या माणसाने चार दिवस आपलं घर सुंदर करावं, यात कुणाचं काय जातं? शिवाय महाराष्ट्रात सण आणि सजावट कधी वेगळी होती? तोरणं, रांगोळ्या, कंदील, मखरं, गौरीपुढची आरास हे सगळं आपलंच आहे, नव्या सूचना म्हणजे त्याच परंपरेची पुढची पायरी आहे. वरवर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, म्हणून त्यातली परंपरेची साक्षच पहिल्यांदा तपासायला हवी. ती साक्ष उलट बाजूने जाते.

दिवाळीची आपली सजावट कुठे असते ते नीट पाहा. रांगोळी उंबऱ्याबाहेर असते. तोरण चौकटीला असतं. पणत्या पायऱ्यांवर, कठड्यावर, तुळशीपाशी असतात. आकाशकंदील गॅलरीबाहेर, झाडावर किंवा उंच काठीवर टांगलेला असतो, आणि घरात बसलेल्याला स्वतःचा कंदील धड दिसतही नाही. तो दिसतो रस्त्यावरून येणाऱ्याला, समोरच्या इमारतीतल्या माणसाला, रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्याला. म्हणजे आपल्या सजावटीची तोंडं बाहेर आहेत. ती येणाऱ्याशी बोलते, आणि जो आत येणारच नाही, नुसता समोरून जाणार आहे, त्याच्याशीही बोलते. आज शिकवली जाणारी सजावट पूर्णपणे आत वळलेली आहे. सोफा, टेबल, भिंत, कोपरा. ती पाहायला आधी आमंत्रण हवं, आणि आमंत्रण नसलेल्यासाठी तिच्यात काहीच नाही. जिची दिशाच उलटी फिरली आहे तिला परंपरेची पुढची पायरी कसं म्हणायचं?

रांगोळीचा विचार आणखी जरा थांबून करायला हवा, कारण सगळी गोष्ट तिच्यात आहे. शिरगोळ्याच्या दगडाची पांढरी पूड, कुठे तांदळाचं पीठ, खाली शेणाने सारवलेली किंवा गेरूने रंगवलेली जमीन. ठिपके मोजून काढलेली असो वा मुक्तहस्त, तिच्यात स्वस्तिक, गोपद्म, शंख, लक्ष्मीची पावलं येतात, आणि ही पावलं नेहमी आत येणारी काढतात. सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत विस्कटते. पोरं धावतात, दूधवाला येतो, पाहुण्याच्या चपलेचा कडेला स्पर्श होतो, आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून पुन्हा काढायची असते. विस्कटणं तिच्या नियमातच आहे. जी कला उंबऱ्यावर, माणसांच्या वाटेत, रोज मोडण्यासाठी काढली जाते, तिला माणसांची ये-जा ही अडचण वाटत नाही. आता दुकानात रांगोळीचे ॲक्रिलिकचे तुकडे मिळतात. ते मांडायचे, चार दिवसांनी धुऊन डब्यात भरायचे, पुढच्या वर्षी पुन्हा काढायचे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ते जरूर वापरावेत. पण ते मांडल्यावर त्यांच्याभोवती 'पाय देऊ नका' असा जो धाक तयार होतो, तो रांगोळीच्या मूळ हेतूशी जुळत नाही.

कंदिलाची गोष्ट तशीच. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, घरी शिजवलेली खळ आणि दोऱ्याचं रीळ एवढ्यावर तो होत असे. मुंबईच्या कितीतरी चाळींत तो सगळ्यांचा सारखा असतो. चाळीतली पोरं मिळून एकाच आकाराचे, एकाच रंगाचे कंदील करतात आणि प्रत्येक बिऱ्हाडापुढे एकेक टांगतात. मग कुठलं बिऱ्हाड कारकुनाचं आणि कुठलं नोकरी गेलेल्या गिरणी कामगाराचं हे कंदिलावरून कळत नाही. सजावट चाळीची असते, घरांची नसते. आज प्रत्येक घराला स्वतःची 'शैली' शोधायला सांगितलं जातं. तुमचं घर शेजारच्यापेक्षा वेगळं कसं दिसेल हाच त्या सल्ल्यांचा मुख्य प्रश्न असतो. सणाच्या दिवसांत शेजाऱ्याहून वेगळं दिसण्याची गरज माणसाला का पडावी?

यावर कुणी म्हणेल की गणपतीची सजावट तर घराच्या आत असते. असते, आणि ती कशाची असते तेही पाहावं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला माटोळी बांधतात. तिला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, काकडी, चिबूड, कवंडळं आणि भाद्रपदात रानात जे जे फळ-फूल मिळतं ते लटकवतात. माटोळी बांधणाऱ्याला आपल्या गावचं रान माहीत असावं लागतं. कुठल्या उतारावर कुठली वेल आहे, काय खायचं आणि काय विषारी आहे हे ठाऊक असावं लागतं. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं, आणि तिच्यासाठी लोक अजूनही रानोमाळ फिरतात. विसर्जनानंतर खाण्याजोगं खाल्लं जातं, वाटलं जातं, उरलेलं मातीत जातं. आणि ज्या घरात ही माटोळी असते त्या घराचं दार त्या दिवसांत दर्शनाला येणाऱ्या कुणालाही बंद नसतं. आरतीला येणारा शेजारी फोन करून वेळ ठरवत नाही. तेव्हा गणपतीची सजावट आत असली तरी घर मात्र उघडं असतं. नव्या मताला हवी आहे ती बंद घरातली सजावट, आणि तिला गणपतीचा आधार मिळत नाही.

उलट गणेशोत्सवाने विकतच्या, दिखाऊ सजावटीचं काय होतं हे एकदा दाखवून दिलं आहे. काही दशकं थर्माकोलच्या मखरांनी घरं आणि मंडप भरले होते. राजवाडे, देवळं, डोंगर, सगळं पांढऱ्या फेसाचं. विसर्जनानंतर तो फेस नाल्यांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर जमायचा आणि तिथेच राहायचा. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, आणि त्या वर्षीच्या उत्सवापुरती तरी सूट द्या ही थर्माकोलच्या कारागिरांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. मखर थर्माकोलचं नसलं तरी गणपती येतो, हे मग सगळ्यांच्या लक्षात आलं. पण त्यातून शहाणपण घेण्याऐवजी बाजाराने थर्माकोलच्या जागी प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा आणून ठेवल्या. फुलं पिकवणारे शेतकरी या माळांवर बंदी मागत आले आहेत, कारण दसरा-दिवाळी हेच त्यांचे हमखास विक्रीचे दिवस, आणि एकदा घेतलेली प्लास्टिकची माळ पुढची पाच वर्षं त्यांचं गिऱ्हाईक तोडते.

इथे मला जुनाट म्हणून बाजूला सारता येणार नाही. शुद्ध, अस्सल, पूर्वापार असं काही राखायचा माझा आग्रहच नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा आहे. चिवड्यातला शेंगदाणा आणि मिरची, पोह्यांतला बटाटा, हे सगळं अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेलं आहे. आपल्या सणाने परकी फुलं आणि परके दाणे सहज आपलेसे केले, तसे विजेचे दिवेही केले, आणि त्यात काही बिघडलं नाही. तेव्हा वाद नव्या आणि जुन्या वस्तूंचा नाही. वाद क्रमाचा आहे. माणूस आधी की मांडणी आधी, एवढाच प्रश्न आहे.

तो क्रम नीट ठेवला तर पाहुणचार कसा होतो, हे पाहायला गोव्यातली नरकचतुर्दशीची सकाळ पुरेशी आहे. पहाटे नरकासुराचं दहन होतं, अभ्यंगस्नान होतं, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं जातं, आणि मग फोव. नुकत्याच झालेल्या भाताचे पोहे दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, तिखट, बटाट्याचे असे अनेक परींनी केलेले असतात. आप्त आणि शेजारी एकमेकांकडे जातात, प्रत्येक घरी थोडे थोडे खातात, आणि पुढच्या घरी निघतात. या पाहुणचाराचा मुख्य पदार्थ पोहे आहे, हे महत्त्वाचं आहे. गरिबाच्या घरी पोहे असतात आणि श्रीमंताच्या घरीही पोहेच असतात. खर्च इतका कमी की कुणालाही बोलावता येतं, आणि रीत इतकी पक्की की कुणाला बोलवावंही लागत नाही. नाताळात तिथली ख्रिस्ती कुटुंबं नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचं ताट शेजाऱ्यांकडे पाठवतात, त्यात हिंदू शेजारी असतात, आणि चवथीला-दिवाळीला उलट दिशेने ताट जातं. इथे कुठे थीम लागली? कुणाच्या भिंतीचा रंग कुणाच्या अभ्र्याशी जुळतो का, हे ताट घेऊन आलेल्या मुलाने कधी पाहिलं?

घाटावरही हेच होतं. फराळाची ताटं रुमालाखाली झाकून घरोघर जात, आणि आलेलं ताट रिकामं परत जात नसे, निदान साखर तरी घालून दिली जाई. पण या रीतीतलं सर्वांत मोठं शहाणपण दुःखाच्या घराशी दिसतं. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं आहे तिथे दिवाळीला तळण होत नाही, पुष्कळ कुटुंबांत कंदीलही लागत नाही. त्या घरी नातेवाईक आणि शेजारी फराळ घेऊन जातात, बसतात, गेलेल्याबद्दल बोलतात. त्या घराने काहीही सजवलेलं नसतं आणि काहीही केलेलं नसतं, तरीही, किंबहुना म्हणूनच, तिथे सर्वांत आधी जायचं असतं. 'आधी घर तयार, मग पाहुणे' या मताला हे घर कुठेच बसवता येत नाही. त्याच्या हिशेबात अंधारं घर म्हणजे या वर्षी सणातून वगळलेलं घर. दुःख, आजारपण, कर्ज, म्हातारपण यांना ज्या पाहुणचारात जागा नाही, त्याला पाहुणचार का म्हणायचं?

आता राहिलेल्या हरकती. बायकांचा वेळ ही त्यांतली सर्वांत गंभीर. जुन्या रीती बायकांच्या कष्टांवर उभ्या होत्या, नव्या सूचना निदान त्यांचं काम हलकं करतात, असं सांगतात. पहिला भाग खरा आहे आणि तो दडवण्याचं कारण नाही. दुसरा खोटा आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली, अंतर मात्र जवळपास तेवढंच राहिलं. या बाईला नव्या सजावटीने कुठलं काम कमी करून दिलं? चकल्या, करंज्या, साफसफाई होतीच, त्यात आता रंगसंगती, मांडणी, फोटो आणि भेटींची वेष्टनं यांची भर पडली. हे उपदेश जवळजवळ सगळे बाईलाच उद्देशून असतात, त्यांतली प्रेरणा तिच्यासाठी असते, आणि काही राहून गेलं की शरमही तिच्याच वाट्याला येते. कष्ट कमी करायचे असतील तर मार्ग उघड आहेत. सात पदार्थांऐवजी दोन करावेत. अनारसे बचतगटाकडून विकत आणावेत, त्यात कमीपणा काहीही नाही. चकलीचा सोऱ्या पुरुषाने दाबावा. यांतल्या कशानेही पाहुणचार कमी होत नाही, आणि नेमक्या याच सूचना त्या रंगीत पानांत शोधून सापडत नाहीत.

दुसरी हरकत कारागिरांची. सजावटीच्या खरेदीवर लोकांची पोटं आहेत, असं म्हणतात. आहेतच. धारावीच्या कुंभारवाड्यातली पणती घ्या, माहीमच्या कंदील गल्लीतला कंदील घ्या, दादरच्या फूलबाजारातला झेंडू घ्या. हे सगळं जळतं, फाटतं, सुकतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावं लागतं, म्हणूनच त्यावर माणसं जगतात. वर्षभर माळ्यावर ठेवायच्या प्लास्टिकच्या वस्तूंनी या माणसांचं भलं होत नाही. तिसरी हरकत अशी की प्रदर्शन आपल्याकडेही होतं, रुखवत मांडलं जायचं, गौरीपुढे पदार्थांच्या रांगा लागायच्या. रुखवताचा बचाव मी करणार नाही. मुलीच्या आईबापांवर त्याचं ओझं होतं आणि ते ओझं वाईटच होतं. गौरीपुढच्या रांगा मात्र दुसऱ्या दिवशी वाटून संपत, आणि पाहायला आलेली बाई हळदीकुंकू घेऊन जाई. दाखवण्याचा मोह जुना आहे हे मान्य, पण मोह जुना म्हणून त्याला नियम करायचा का?

उरते ती शहराची हरकत. आता इमारतींना फाटकं आहेत, फाटकावर रखवालदार आहे, त्याच्या हातातल्या ॲपवर मंजुरी दिल्याशिवाय पाहुणा वर येत नाही, न सांगता येणं आता शक्यच नाही, मग ठरवून, सजवून बोलावण्यात काय चूक? फाटक खरं आहे. पण फाटकाच्या आतल्या शंभर-दोनशे घरांना एकमेकांकडे जायला कुठली मंजुरी लागते? तिथेच दारं सर्वांत घट्ट बंद आहेत, आणि ती रखवालदाराने बंद केलेली नाहीत. 'घर आवरलेलं नाही', 'अजून पडदे यायचेत', 'या वर्षी काही विशेष केलं नाही', या संकोचाने ती बंद आहेत, आणि हा संकोच माणसांना शिकवला गेला आहे. 2011 च्या जनगणनेच्या वेळी बृहन्मुंबईतल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. ज्या शहरात बहुतेकांकडे दिवाणखानाच नाही तिथे दिवाणखान्याच्या सजावटीवर पाहुणचार टांगायचा, म्हणजे बहुसंख्य माणसांना यजमानपणाच्या हक्कातून बाहेर काढायचं. चित्रातली घरं पाहून माणूस स्वतःच्या भिंतीची ओल मोजू लागतो आणि कुणाला 'या' म्हणायला बिचकतो. इतकं होऊनही याला निरुपद्रवी हौस म्हणत राहायचं का?

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. 1920 च्या दशकात बांधलेल्या त्या खोल्यांत पिढ्या राहिल्या, आणि दिवाळीत त्यांच्या कॉमन पॅसेजमधून ताटं फिरत राहिली. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि बाकीच्यांच्या इमारती होत आहेत. ही घरं त्यांच्या हक्काची आहेत आणि ती त्यांनी मन लावून सजवावीत. पण त्यांना आता पहिल्यांदाच स्वतःचा दिवाणखाना मिळाला आहे, आणि उपदेशाची रंगीत पानं त्यांच्याही हाती पडणार आहेत. ती पानं त्यांना सांगतील की आधी घर पुरं करा. त्यांनी ते ऐकू नये. पडदे यायचे असोत, भिंती कोऱ्या असोत, खोकी उघडायची राहिलेली असोत, लिफ्टसमोरच्या जागेत, जिथे शेजाऱ्यांचे पाय पडणार तिथेच रांगोळी काढावी. चिवडा आणि शंकरपाळे डब्यांतच राहू द्यावेत आणि डबे मधे ठेवावेत. दिवाळीच्या संध्याकाळी दार उघडं ठेवावं, आणि जुन्या पॅसेजमधली जी माणसं आता वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली आहेत त्यांच्याकडे ताट घेऊन आपण स्वतः जावं, त्यांनी बोलावण्याची वाट न पाहता.